शेवंतीला रात्र मोजता येते!

वाशीतल्या दोन गॅलऱ्या डोळ्यांसमोर आणा. दोन्हींत शेवंतीची एकेक कुंडी आहे. माती, पाणी, खत अगदी सारखे. डिसेंबरात एक कुंडी फुलांनी भरते. दुसरीत मात्र नुसती पाने! फरक एवढाच, की दुसरीवर रस्त्यावरच्या दिव्याचा प्रखर प्रकाश रात्रभर पडतो. मग त्या दिव्याने बिघडवले तरी काय?

थंडी पडली की शेवंती फुलते, असे आपण म्हणतो. थंडीचा परिणाम होतो खरा. पण मुख्य खूण वेगळीच आहे. अनेक वनस्पती दिवसाच्या लांबीवरून हंगाम ओळखतात, हे अमेरिकेत गार्नर व अ‍ॅलर्ड यांनी १९२० साली दाखवले. पुढे १९३८ मध्ये हॅम्नर व बॉनर यांच्या प्रयोगांतून कळले, की अशा वनस्पती खरे तर मोजतात ती रात्र, आणि तीही सलग अंधाराची!

नवी मुंबईत जूनअखेरची रात्र सुमारे पावणेअकरा तासांची, तर डिसेंबरअखेरची तेरा तासांची असते. रात्र लांबली की शेवंती कळ्या धरते. पानांतील फायटोक्रोम हे रंगद्रव्य प्रकाश टिपते. मध्येच उजेड पडला, की लांब रात्रही झाडाच्या लेखी आखूडच ठरते.

म्हणूनच हरितगृहांत काळे कापड पसरून किंवा दिवे लावून शेवंती हव्या त्या महिन्यात फुलवतात.

तुमची शेवंती रुसली आहे? मग खत वाढवण्यापूर्वी ऑक्टोबरपासून रोज संध्याकाळी सहा ते सकाळी सात तिच्यावर पुठ्ठ्याचा खोका ठेवा. शेजारी एक कुंडी उघडी ठेवून दोन्हींच्या नोंदी करा.