तलवार राणीची, निकाल हर्क्युलिसचा

१९५८ साली पिएत्रो फ्रान्चिस्की यांचा ‘ले फातिके दि एर्कोले’ हा हर्क्युलिसच्या पराक्रमांवरचा चित्रपट इटलीत झळकला. त्यातून स्टीव्ह रीव्हज हा अमेरिकी शरीरसौष्ठवपटू जगभर पोहोचला आणि पुढची पाच-सहा वर्षे इटलीत अशा पोशाखी साहसपटांची रीघ लागली. फ्रेंच समीक्षकांनी या प्रकाराला ‘पेप्लम’ म्हटले. त्याचा विषय निघाला की नायकाचे दंड आणि कोसळणारे खांबच लोकांना आठवतात. या चित्रपटांतल्या लढवय्या स्त्रिया मात्र विस्मरणात गेल्या. खरे तर या प्रकाराचे मर्म त्यांच्यापाशीच सापडते. या चित्रपटांनी स्त्रीला तलवार दिली, राज्य दिले, सैन्यही दिले. फक्त कथेचा निकाल तिच्या हाती सोपवला नाही.

याच पहिल्या चित्रपटातला लेम्नोस बेटाचा प्रसंग बारकाईने पाहण्याजोगा आहे. ग्रीक वीर जेसनचे खलाशी बेटावर उतरतात. राज्य ॲमेझॉन या पुराणातल्या लढवय्या स्त्रियांचे, राणी अँटीया, आणि आलेल्या पुरुषांना जिवंत सोडायचे नाही असा तिथला कायदा. अँटीयाच्या भूमिकेत ज्यान्ना मारिया कानाले आहे. १९५४ मध्ये रिकार्दो फ्रेदा यांच्या चित्रपटात तिने बायझँटियमची सम्राज्ञी थिओडोरा साकारली होती आणि तोच रुबाब तिने इथे आणला. मारिओ बावा यांचे छायाचित्रण या दरबाराला मायावी झळाळी देते. काही काळ तरी पुरुषांविना सुरळीत चाललेले राज्य पडद्यावर दिसते. मग राणी जेसनच्या प्रेमात पडते, कायदा लटका पडतो आणि पुरुष जहाज हाकारून निघून जातात. रणात तिला कोणी हरवत नाही. पटकथाच तिचे मन तिच्या राज्यावर उलटवते. १९६३ च्या ‘ले ग्लादियात्रिची’मध्ये तर आडपडदाच उरत नाही. तिथे स्त्रियांची सत्ता म्हणजे मोडून काढायचा अन्याय. बलदंड नायक टाउर एकटा आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला स्त्री-योद्ध्यांची फौज, अशी रस्सीखेच लावून चित्रपट आपला निवाडा देऊन टाकतो.

यावर कोणी म्हणेल, दोष ग्रीक पुराणांचा आहे. हर्क्युलिस ॲमेझॉन राणी हिपोलिटाचा कमरपट्टा जिंकतो आणि अकिलीस दुसऱ्या ॲमेझॉन राणीला, पेंथेसिलियाला, मारतो, तिथे दिग्दर्शक काय करणार? पण हे दिग्दर्शक पुराणाला इतके बांधलेले नव्हतेच. मूळ कथेत लेम्नोसच्या स्त्रिया ॲमेझॉन नाहीत आणि त्यांच्या राणीचे नाव हिप्सिपिली आहे. चित्रपटाने वंश बदलला, नाव बदलले. शेवटही बदलता आला असता. शिवाय इतिहासकार लिव्हीने क्लेलियाची कथा सांगून ठेवली होती. शत्रू राजा पोर्सेनाच्या छावणीत ओलीस असलेली ही रोमन मुलगी सोबतच्या मुलींना घेऊन टायबर नदी पोहून पार करते आणि रोम तिचा अश्वारूढ पुतळा उभारतो. १९६१ मध्ये तिच्यावरही चित्रपट निघाला, ‘ले व्हेर्जिनी दि रोमा’. म्हणजे पुरुषांच्या नगरासाठी लढणाऱ्या स्त्रीला सन्मान मिळे आणि स्वतःच्या राज्यासाठी लढणारीला पराभव. ही निवड पटकथाकारांची होती. प्रेक्षकांना दुसरे काही रुचले नसते, हा बचावही टिकत नाही. मुंबईत १९३५ सालीच वाडिया मूव्हीटोनच्या ‘हंटरवाली’त नादियाने नायकाची जागा घेतली होती आणि प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतले होते.

दुसरा आक्षेप असा, की घाईघाईने काढलेल्या करमणुकीत समाज कशाला शोधायचा? मला वाटते, घाईच्या कामातच तो स्वच्छ दिसतो. विचाराला सवड नसली की निर्माता प्रेक्षकाला आधीच मान्य असलेल्या गोष्टींवर भिस्त ठेवतो. त्या काळचा इटलीचा कायदा पाहावा. स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मताधिकार मिळाला १९४६ मध्ये. न्यायाधीशपद त्यांच्यासाठी खुले करणारा कायदा १९६३ चा, म्हणजे ‘ले ग्लादियात्रिची’च्याच वर्षीचा. पत्नीचा व्यभिचार हा सरसकट गुन्हा आणि पतीने मात्र रखेल ठेवली तरच गुन्हा, हा भेद संविधान न्यायालयाने मोडीत काढायला १९६८ साल उजाडले. खऱ्या न्यायासनाच्या वाटेवर असलेली स्त्री पडद्यावरच्या सिंहासनावरून खाली खेचली जात होती.

पुढे काळ बदलला, म्हणून चित्रपट सुधारले असे नाही. १९७३ मध्ये बाँडपटांचे दिग्दर्शक टेरेन्स यंग यांनी ॲमेझॉन स्त्रियांवर जो चित्रपट काढला, त्याच्या इटालियन नावातच उघड्या छातीची जाहिरात होती. कपडे उतरले, पण अधिकार वाढला नाही. अपवाद ठरतो तो १९७४ चा ‘द अरेना’. इटलीत चित्रित झालेल्या या चित्रपटात पॅम ग्रियर आणि मार्गारेट मार्कोव्ह यांना गुलाम म्हणून आखाड्यात एकमेकींसमोर उभे केले जाते, आणि त्या मालकांवरच उलटतात. या बंडाच्या आधी इतिहासातही वेगळा शेवट कोरलेला होता. हॅलिकार्नासस इथे सापडलेल्या आणि आता ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या शिल्पपटावर दोन स्त्री-ग्लॅडिएटर समोरासमोर उभ्या आहेत. त्यांची नावे ॲमेझॉन आणि अकिलिया. दोघींची आखाड्यातून मुक्तता झाल्याची नोंद त्यावर आहे. पराभव कोणाचाच नाही.

म्हणून हे चित्रपट पाहताना स्त्रीच्या हाती शस्त्र आहे का, एवढे पाहून भागत नाही. शेवटच्या रिळात निर्णय कोण घेते ते पाहावे. या कसोटीवर अँटीया हरते. तरीही ती मोलाची आहे, कारण देशात स्त्रीला न्यायाधीशपद खुले नव्हते तेव्हा कानालेने राज्य करणारी स्त्री लाखोंसमोर उभी केली, आणि तिला हटवायला पटकथेला प्रेमाचे निमित्त शोधावे लागले.