मार्गदर्शिका लिहायची कोणी?

'डेबियन' ही संगणक-प्रणाली इयन मरडॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केली. ती आजही स्वयंसेवकांच्या श्रमांवर उभी आहे. प्रणाली फुकट मिळते आणि ती यंत्रावर कशी बसवावी हे सांगणारी मार्गदर्शिकाही. परंतु फुकट मिळणारी वस्तू फुकट तयार होत नाही, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक पाठ येथे सहज विसरला जातो. आज्ञावली लिहिणाऱ्याचे नाव होते; पेनड्राइव्ह कसा तयार करावा हे नवशिक्याला समजेल अशा शब्दांत मांडणाऱ्याचे क्वचितच.

खरी अडचण लिहिण्याची नाही, मेळ राखण्याची आहे. मूळ संहिता खुली नसलेले फर्मवेअर अधिकृत प्रतिष्ठापन-माध्यमात घ्यावे, असा कौल सभासदांनी २०२२ मध्ये दिला आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत तो अमलात आला. तोवर अनेकांना वायफायसाठी ते वेगळे शोधून आणावे लागे. निर्णय एका मतदानाने झाला. सूचना मात्र प्रत्येक भाषेत कोणीतरी बसून बदलायच्या! शिळी सूचना ही नसलेल्या सूचनेहून घातक. एका जुन्या वाक्यापायी भलतीच डिस्क पुसली जाऊ शकते.

डेबियनच्या प्रतिष्ठापकात मराठी निवडता येते. मार्गदर्शिका मात्र मराठीत नाही. महाविद्यालयांतील संगणक आणि मराठी विभागांचे चार विद्यार्थी एका प्रकरणावर बसवणे खर्चाचे नाही. ते पुढल्या वर्षी निघून गेल्यावर त्या प्रकरणाकडे कोणी पाहायचे, एवढे मात्र आधी ठरवावे लागेल.