एका डोळ्याने अचानक अंधुक दिसतंय? मोतीबिंदू समजून थांबू नका

अहिल्यानगर : सकाळी उठल्यावर एका डोळ्यासमोर धूसर दिसतं. दुखत नाही, डोळा लालही होत नाही. मग घरात ठरतं, ‘मोतीबिंदू असेल, कांदा निघाला की दाखवू.’ पण मोतीबिंदू हळूहळू वाढतो, एका रात्रीत नजर नेत नाही. अशा वेळी डोळ्याच्या पडद्याची शीर बंद झालेली असू शकते. तिथे थांबणं महागात पडतं.

नेमकं काय होतं?

डोळ्याच्या आतल्या पडद्याला रक्त आणणाऱ्या आणि परत नेणाऱ्या वेगवेगळ्या शिरा असतात. शेतातलं जादा पाणी बाहेर काढणारा चर तुंबला की पाणी वाफ्यात साचतं, तसंच इथे होतं. रक्त परत नेणारी शीर तुंबली की रक्त आणि पाणी पडद्यावर पाझरतं. पडद्याच्या मधल्या भागाला सूज आली की समोरचं माणूस, अक्षर नीट दिसत नाही. शिरेची एखादी फांदी बंद झाली तर नजरेचा काही भाग जातो. मुख्य शीर बंद झाली तर त्रास जास्त असतो.

पन्नाशीनंतर धोका वाढतो. बी.पी. हे सर्वात मोठं कारण. त्याशिवाय साखर, वाढलेलं कोलेस्ट्रॉल, काचबिंदू आणि बिडी-सिगारेट. साखरेमुळे होणाऱ्या पडद्याच्या आजारानंतर पडद्याच्या रक्तवाहिन्यांचा हाच सर्वाधिक आढळणारा आजार आहे.

उपचार एका खेपेत संपत नाही

बाहुली मोठी करणारे थेंब टाकून पडदा तपासतात आणि सूज किती आहे ते ओसीटी या स्कॅनवर मोजतात. सूज असेल तर डोळ्यात इंजेक्शन देतात. ऐकून अंगावर काटा येतो, पण आधी थेंबांनी डोळा बधिर करतात आणि काम काही मिनिटांत होतं. काहींना स्टिरॉइडचं औषध किंवा लेझर लागतं.

खरी अडचण पुढे येते. एका इंजेक्शनचा असर साधारण महिनाभरच टिकतो. त्यामुळे सुरुवातीला बहुतेकांना दर महिन्याला जावं लागतं, नंतर सूज बघून अंतर वाढवतात. पडद्याचे डॉक्टर मात्र बहुतेक मोठ्या शहरांतच. अकोल्याहून नगर शंभर किलोमीटरच्या पुढे, जामखेडहून साधारण पंच्याहत्तर. थेंब टाकल्यावर काही तास अंधुक दिसतं, गाडी चालवता येत नाही. म्हणजे सोबत माणूस हवा, दोघांचा रोज बुडतो. थोडं बरं दिसू लागलं की खेपा बंद होतात आणि सूज परत येते.

मुख्य शीर बंद झालेल्यांना आणखी एक धोका असतो. पुढच्या काही महिन्यांत डोळ्यात नको त्या नव्या शिरा फुटून डोळ्याचा दाब वाढतो. मग असह्य दुखतं आणि उरलेली नजरही जाऊ शकते. म्हणून दिसण्यात फरक नसला तरी सांगितलेल्या तारखेला तपासणी करावीच लागते. गेलेली नजर सगळ्यांचीच पूर्ण परत येत नाही, पण वेळेत उपचार झाले तर बरीच वाचू शकते.

खर्चाचं काय?

इंजेक्शनच्या औषधांचे प्रकार वेगवेगळे असतात आणि किमतीत मोठा फरक असतो. स्वस्तातला पर्याय आपल्याला चालेल का, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. एकूण किती खेपा लागतील याचा अंदाजही आधीच घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड घेऊन विचारा.

घरी काय करावं?

• आठवड्यातून एकदा एक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचा, मग दुसरा झाकून वाचा. दोन्ही डोळे उघडे असताना एकाची गेलेली नजर लक्षात येत नाही.
• फरक जाणवला तर एक-दोन दिवसांत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मेडिकलमधून थेंब आणून वाट बघू नका.
• बी.पी. आणि साखर गावच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासा. बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करू नका. एका डोळ्याला झालं तर दुसऱ्यालाही होऊ शकतं.
• इंजेक्शननंतर काही दिवस डोळ्यात धूळ, पाणी जाऊ देऊ नका. दुखणं किंवा लाली वाढली, नजर कमी झाली तर त्याच दिवशी परत जा.

कांदा चार दिवस उशिरा काढता येतो. पडद्यावरची सूज मात्र हंगाम संपायची वाट बघत नाही.