दुसऱ्या गुन्ह्याला वाढीव शिक्षा : कायदा नेमके काय मोजतो?

मुंबई : महालक्ष्मी येथील बंद पडलेल्या शक्ती मिलच्या आवारात २०१३ मध्ये सामूहिक बलात्काराच्या दोन घटना घडल्या. पहिली ३१ जुलैला, दुसरी २२ ऑगस्टला. दुसऱ्या घटनेतील छायाचित्रकार पत्रकार तरुणीने तक्रार केल्यानंतर पहिल्या घटनेतील दूरध्वनीचालक तरुणीही पुढे आली. तीन प्रौढ आरोपी दोन्ही प्रकरणांत समान होते आणि २० मार्च २०१४ रोजी सत्र न्यायालयाने दोन्ही खटल्यांत त्यांना एकाच दिवशी दोषी ठरवले. अशा स्थितीत त्यांना ‘पूर्वी दोषी ठरलेले’ म्हणता येईल का, हा प्रश्न तेथून उभा राहिला.

प्रश्न केवळ शब्दांचा नव्हता. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर भारतीय दंड संहितेत ३७६ई हे कलम आले. बलात्काराच्या गुन्ह्यात पूर्वी दोषी ठरलेली व्यक्ती पुन्हा तशाच गुन्ह्यात दोषी ठरली, तर उर्वरित नैसर्गिक आयुष्यभर जन्मठेप किंवा फाशी, अशी त्याची तरतूद आहे. दूरध्वनीचालक तरुणीच्या खटल्यात २१ मार्चला जन्मठेप सुनावली गेली. त्यानंतर सरकार पक्षाने दुसऱ्या खटल्यात, दोषसिद्धी झालेली असताना, या कलमाखाली वाढीव दोषारोप ठेवण्याची मागणी केली. ती मान्य झाली आणि ४ एप्रिल २०१४ रोजी तिघांना फाशीची शिक्षा झाली.

पारंपरिक तर्क असा की, एकदा शिक्षा भोगूनही जो सुधारला नाही, त्याला कायद्याने दिलेला इशारा वाया गेला. म्हणून पुढची शिक्षा जड. जुन्या दंड संहितेचे कलम ७५ याच धाटणीचे होते. खोटी नाणी व सरकारी मुद्रांक किंवा मालमत्तेविषयीच्या, तीन वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यानंतर पुन्हा तसाच गुन्हा केल्यास जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकत असे. येथे दुसरा गुन्हा पहिल्या दोषसिद्धीनंतरचा असावा लागतो. ३७६ई मध्ये मात्र दुसरा गुन्हा नव्हे, दुसरी दोषसिद्धी मोजली गेली. शक्ती मिलच्या आरोपींनी दुसरे कृत्य केले तेव्हा पहिल्या प्रकरणात तक्रारही दाखल नव्हती. बचाव पक्षाचा आक्षेप येथेच होता, आणि तो हलका नव्हता.

मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१९ मध्ये कलमाची घटनात्मक वैधता मान्य केली. मात्र २५ नोव्हेंबर २०२१ रोजी न्या. साधना जाधव व न्या. पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने फाशी रद्द करून उर्वरित आयुष्यभर जन्मठेप दिली. पॅरोल व फर्लोही नाकारले. समाजाचा रोष स्वाभाविक असला, तरी शिक्षा लोकमतावर ठरत नाही, अशी खंडपीठाची भूमिका होती.

पूर्वीचा गुन्हा सिद्ध करण्याची रीतही कायद्याने आखून दिली आहे. वाढीव शिक्षा हवी असेल, तर पूर्वीच्या दोषसिद्धीचा उल्लेख दोषारोपात करावा लागतो. पण सत्र खटल्यात आरोपी नव्या गुन्ह्यात दोषी ठरेपर्यंत तो भाग वाचून दाखवला जात नाही. जुन्या शिक्षेची छाया नव्या पुराव्यावर पडू नये, हा हेतू.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३७६ई चे कलम ७१ झाले, तर ७५ चे १३. चोरीला एरवी तीन वर्षांपर्यंत कारावास. दुसऱ्या दोषसिद्धीला किमान एक व कमाल पाच वर्षे सक्तमजुरी. पाठलागाच्या गुन्ह्यातही कमाल मर्यादा तीनवरून पाचवर जाते. मद्यपान करून वाहन चालवल्यास पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. पुढच्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये.

न्यायाधीशाला पर्यायच न ठेवणारी वाढीव शिक्षा मात्र न्यायालयात टिकलेली नाही. जन्मठेपेच्या कैद्याने खून केल्यास फाशीच, असे सांगणारे कलम ३०३ सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये रद्द केले. अमली पदार्थांच्या कायद्यातील पुनरावृत्तीसाठीची सक्तीची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ऐच्छिक ठरवली. २०१४ मध्ये संसदेने कायद्यातच तसा बदल केला.

पोलीस दप्तरातील ‘सराईत’ हा शिक्का याहून वेगळा. तो बहुधा दाखल गुन्ह्यांवरून बसतो. मकोकातही मागील दहा वर्षांतील एकाहून अधिक आरोपपत्रे पाहिली जातात, दोषसिद्धी नव्हे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर जन्मावरूनच माणसाला गुन्हेगार ठरवले होते. १९५२ मध्ये तो गेला. पण विमुक्त जमातींकडे पाहण्याची ती नजर तुरुंगांच्या नियमावल्यांत राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या नियमावल्यांतील ‘सराईत गुन्हेगार’ हा उल्लेख संबंधित राज्याच्या कायद्यातील व्याख्येपुरताच मर्यादित केला आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचे आदेश दिले.