दाताच्या डॉक्टरांना विचारायला लाजू नका



कोरोनाच्या टाळेबंदीत दाढ दुखायला लागली की काय हाल व्हायचे, ते तुम्हाला सांगायला नको. लवंगेचं तेल लावायचं, मिठाच्या गुळण्या करायच्या आणि रात्र काढायची. वाडीवरून शिळफाट्याला यायला गाडी नाही, आणि आलं तरी दवाखाना बंद. तेव्हा पुष्कळ जणी म्हणायच्या, "दाताचे डॉक्टर घाबरले." खरं काय होतं, आणि त्यातून आज आपण काय शिकायचं, ते आज बघू.

दाताचे डॉक्टर आपल्या तोंडापासून वीतभर अंतरावर काम करतात. दात कोरायचं मशीन पाण्याचा फवारा मारतं. त्यात थुंकी आणि रक्त मिसळतं आणि बारीक तुषार खोलीभर उडतात. म्हणजे धोका डॉक्टरांना, मदतनीस मुलीला आणि पुढच्या पेशंटलाही.

म्हणून १९ मे २०२० ला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने दाताच्या डॉक्टरांसाठी नियम काढले. त्या महिन्याच्या सुरुवातीला केंद्राच्या यादीत आपला रायगड जिल्हा नारंगी पट्ट्यात होता. अशा पट्ट्यात दवाखाना उघडायला परवानगी होती, पण उपचार फक्त तातडीचे. दात साफ करणं, कवळी बसवणं पुढे ढकला, असं सांगितलं होतं. आधी फोनवर चौकशी, एन-९५ मास्क, तोंडावर शील्ड, काम सुरू करण्याआधी पेशंटला औषधी पाण्याची गुळणी, खोलीत खेळती हवा, हे सगळं त्यात होतं.

डॉक्टरांना हे पटलं नव्हतं का? बहुतेकांना पटलं होतं. त्या काळात देशात डॉक्टरांना प्रश्न विचारून बऱ्याच पाहण्या झाल्या. नियमांची माहिती चांगली, पण रोजच्या कामात पाळणं त्याहून कमी, असं अनेक ठिकाणी दिसलं. कारणं आपल्याला समजण्यासारखी आहेत. किटचा खर्च, दोन पेशंटमध्ये सोडावा लागणारा वेळ, आणि बाहेर खोळंबलेली माणसं. नियम पटणं वेगळं आणि घाईच्या वेळी पाळणं वेगळं.

आता कोरोनाचे खास नियम सैल झाले. पण काही नियम कोरोनाच्या आधीही होते आणि कायम राहणार आहेत. कारण कावीळ 'बी'चा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस जिवंत राहू शकतो. २०२३ मध्ये तमिळनाडूतल्या वाणियंबाडी इथे दाताच्या उपचारानंतर काही जणांना मेंदूचा संसर्ग झाला आणि आठ जण दगावले. निर्जंतुक न केलेल्या हत्याराने सलाईनची बाटली उघडायची आणि उरलेलं सलाईन पुढच्या पेशंटला वापरायचं, एवढीच ती चूक.

हत्यारं नुसती उकळून भागत नाही. त्यासाठी ऑटोक्लेव्ह लागतो. तो आपल्या कुकरचाच मोठा भाऊ समजा. वाफ दाबाखाली कोंडली की ती १२१ अंशांपर्यंत तापते, आणि तेवढ्या उष्णतेत ठरावीक वेळ ठेवल्यावरच चिवट जंतू मरतात.

दवाखान्यात गेल्यावर एवढं बघा:

- हत्यारं बंद पाकिटातून आपल्यासमोर काढली का?
- इंजेक्शनची सुई नवी आहे का?
- डॉक्टरांनी हात धुऊन नवे हातमोजे घातले का?
- भिंतीवर दंत परिषदेच्या नोंदणीचं प्रमाणपत्र आहे का? बाजारात बसून दात काढणाऱ्याकडे जाऊच नका.

"डॉक्टरांना कसं विचारायचं? रागावले तर?" असं बायका आम्हाला विचारतात. साधं विचारा, "डॉक्टर, ही हत्यारं ऑटोक्लेव्हमधली आहेत ना?" नीट काम करणाऱ्या डॉक्टरांना याचा राग येत नाही, उलट ते पाकीट दाखवतात. दोघी मिळून गेलात तर धीरही येतो.

आपणही काही लपवू नये. ताप, कावीळ, साखर, पोटुशी असणं, सगळं आधी सांगा. प्रत्येक पेशंटला संसर्ग असू शकतो असं धरूनच डॉक्टरांनी काळजी घ्यायची, असा नियम आहे. म्हणून एखाद्या बहिणीला आजार आहे एवढ्यावरून तिला परत पाठवणं बरोबर नाही.

येत्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की हे चार प्रश्न मोठ्याने वाचा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना ते तोंडपाठ होऊ द्या.