स्वतःलाच आरोपी करणारा विनोदकार

सरकारी कारभारावर विनोद करायचा म्हटला की आपल्याकडची मांडणी ठरलेली असते. वर बसलेले लबाड आणि खाली भरडला जाणारा सामान्य माणूस. आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्यांच्या कोटातला ‘कॉमन मॅन’ वर्षानुवर्षं तोंडातून अक्षर न काढता हेच बघत उभा राहिला. जसपाल भट्टी यांनी नेमकी हीच मांडणी उलटी केली. १९५५ साली अमृतसरला जन्मलेले, चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजातून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झालेले आणि ‘ट्रिब्यून’साठी व्यंगचित्रं काढलेले भट्टी पडद्यावर आले ते बहुतेकदा भरडणाऱ्याच्या खुर्चीत बसून. ‘उल्टा पुल्टा’ या काही मिनिटांच्या तुकड्यांनी त्यांचा चेहरा देशाला ओळखीचा झाला, पण त्यांची खरी कामगिरी म्हणजे दूरदर्शनवरची १९८९ ची मालिका ‘फ्लॉप शो’. भाग जेमतेम दहा. त्यातला पीएच.डी.चा भाग आठवून पाहा. भट्टी त्यात गाइड आहेत आणि संशोधक विद्यार्थी त्यांच्या घरची कामं उपसतो आहे. गाइडसाहेबांच्या चेहऱ्यावर खलनायकी भाव नाही, उलट आपण पोराचं भलंच करतोय अशी शांत खात्री आहे. दुसऱ्या एका भागात खोट्या औषधबिलांचा विषय, म्हणजे ज्यात नेता नाही, मंत्री नाही, फक्त तुमच्या-आमच्यासारखा पगारदार माणूस आहे. ज्यांची टोपी उडवायची त्यांनाच प्रत्येक भाग आदरपूर्वक अर्पण केलेला, आणि श्रेयनामावलीत दिग्दर्शकाऐवजी ‘मिसडायरेक्टेड बाय’. स्वतःपासून सुरुवात करायची ही त्यांची रीतच होती.

यावर एक आक्षेप रास्त वाटतो: सरकारी वाहिनीवर मोठ्या माशांना हात लावता येत नव्हता, म्हणून भट्टींनी लहान मासे पकडले. मर्यादा होती हे खरंच. पण टीव्ही मालिका बनवण्याच्या धंद्यावरचा भाग त्यांनी दूरदर्शनवरच दाखवला, तेव्हा भित्रेपणाचा आरोप टिकत नाही. शिवाय लहान मासा ही तडजोड नव्हती, तोच विषय होता. मंत्र्यावरचा विनोद ऐकून प्रेक्षक सुटतो. बिलावरचा विनोद ऐकताना त्याला स्वतःच्या खिशातलं बिल आठवतं. आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. पंजाब दहशतवादात होरपळत असताना देशभरच्या घरांत दर भागाला एक पगडीधारी गृहस्थ येत होता, ज्याच्या शीख असण्यावर एकही विनोद बेतलेला नव्हता. तो फक्त एक मध्यमवर्गीय माणूस होता, कधी प्रोफेसर, कधी नोकरदार. सोबत पत्नी सविता भट्टी आणि विवेक शौक यांच्यासारखे सहकारी. सेट साधे, चाली उसन्या, कारण भागाच्या शेवटचं गाणं म्हणजे सिनेगीताचं विडंबन.

हिंदी सिनेमाला मात्र हे कळलं नाही. ‘फना’मधला (२००६) जॉली गुड सिंग लोकांना आवडला, पण तिथे विनोद नावातच संपतो, सिनेमाने भट्टींचा चेहरा घेतला आणि त्यामागचा इंजिनिअर बाहेर ठेवला. त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला पंजाबी ‘माहौल ठीक है’ (१९९९) त्यामानाने अस्सल, कारण पोलिसांवरचा तो विनोद त्यांच्याच मातीतला होता. ‘पॉवर कट’ या चित्रपटाच्या प्रचारादरम्यान २५ ऑक्टोबर २०१२ ला जालंधर जिल्ह्यात शाहकोटजवळ अपघातात ते गेले. पुढच्या वर्षी मरणोत्तर पद्मभूषण मिळालं.

सिनेमात जे अडलं ते रस्त्यावर मोकळं होत असे. महागाई वाढली तेव्हा त्यांनी चंदीगडच्या सेक्टर १७ मध्ये एक स्टॉल मांडला होता. जत्रेत साबण-पावडरीच्या डब्यांवर रिंगा टाकतात ना, तसाच. फक्त बक्षिसाच्या जागी भाज्या, डाळ आणि खाद्यतेल होतं. रिंग बरोबर पडली, तर डाळ तुमची.