अग्निबाणाचे उड्डाण घरबसल्या पाहताना

मराठीत ‘प्रक्षेपण’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. अग्निबाण अवकाशात सोडणे हे प्रक्षेपण आणि त्याची दृश्ये घरोघरी पोहोचविणे हेही प्रक्षेपणच. प्रस्तुत लेखात घोटाळा नको म्हणून पहिल्यास ‘उड्डाण’ व दुसऱ्यास ‘प्रसारण’ म्हटले आहे. उड्डाण कोठून होणार हे वृत्तपत्रांमुळे आपणांस ठाऊक असते. प्रसारण कोणाकडून येत आहे, ही चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही.

ती का करावी, याचे कारण केवळ चित्राच्या स्पष्टतेशी निगडित नाही. अमेरिकेतील स्पेसएक्स या कंपनीने २०२३ साली आपली थेट प्रसारणे यूट्यूबवरून ‘एक्स’ या माध्यमावर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, हलविली. यूट्यूबवर शोध घेणाऱ्यास नेहमीच्या जागी ती सापडेनाशी झाली आणि या पोकळीचा लाभ भामट्यांनी घेतला. लाखो सदस्य असलेली दुसऱ्याची वाहिनी चोरायची, तिला स्पेसएक्सचे नाव द्यायचे, जुन्या उड्डाणाची चित्रफीत ‘थेट’ म्हणून दाखवायची आणि मध्येच कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांची संगणकाने घडविलेली बनावट छबी बोलती करायची, अशी ही रीत आहे. पडद्याच्या कोपऱ्यात क्यूआर कोड असतो. त्यावर आभासी चलन पाठविल्यास ते दुप्पट करून परत मिळेल, असे सांगितले जाते. पाठविलेले चलन परत येत नाही. सदस्यांची मोठी संख्या पाहून वाहिनी खरी मानणे म्हणूनच धोक्याचे ठरते. उड्डाणाच्या प्रसारणात पैशांची मागणी अथवा बक्षिसाचे आमिष दिसताच ते तात्काळ बंद करावे. सुरक्षित मार्ग साधा आहे: शोधयंत्रात नाव टाकून समोर येईल ते उघडण्याऐवजी प्रथम संबंधित संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर जावे आणि तेथील दुव्यावरून प्रसारणापर्यंत पोहोचावे.

मग संस्था कोणती निवडावी? ज्याचा अग्निबाण त्याचा कॅमेरा, हा ढोबळ नियम येथे उपयोगी पडतो. अग्निबाणावर बसविलेल्या कॅमेऱ्यांची दृश्ये प्रथम तो उडविणाऱ्याच्या हाती येतात. इतर सारे त्याच्याकडून ती घेतात. २५ जून २०२५ रोजी भारतीय वेळेनुसार दुपारी १२ वाजून १ मिनिटाने शुभांशू शुक्ला अंतराळस्थानकाकडे निघाले, तेव्हा अग्निबाण स्पेसएक्सचा, मोहीम अॅक्सियम स्पेस या कंपनीची आणि उड्डाणस्थळ नासाचे केनेडी अवकाश केंद्र होते. प्रसारण अनेक ठिकाणी दिसत होते, परंतु अग्निबाणावरील दृश्ये मुळात स्पेसएक्सचीच होती.

श्रीहरिकोट्याच्या उड्डाणांसाठी इस्रोची स्वतःची यूट्यूब वाहिनी व दूरदर्शन हे उत्तम पर्याय होत. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ उतरताना इस्रोच्या वाहिनीवर एकाच वेळी ८० लाखांहून अधिक प्रेक्षक होते. इस्रोचे निवेदन काहीसे कोरडे असते, हे मान्य करावे लागेल. मात्र तेथे नियंत्रण कक्षातील आलेख पाहावयास मिळतो. त्यात नियोजित मार्ग आणि यानाचा प्रत्यक्ष मार्ग शेजारी शेजारी उमटतात. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चंद्रयान-२ चा विक्रम उतरत असताना हिरवी खूण लाल रेषेपासून ढळलेली पाहणाऱ्यांना दिसली. संपर्क तुटल्याची घोषणा त्यानंतर झाली. काही खाजगी वृत्तवाहिन्यांवर हाच आलेख निवेदकांच्या आरोळ्यांत व काल्पनिक चलच्चित्रांत हरवून जातो. अपयशही मूळ प्रसारणात लपत नाही. १८ मे २०२५ रोजी पीएसएलव्ही-सी६१ च्या तिसऱ्या टप्प्यात बिघाड झाला, तेव्हा इस्रोच्या अध्यक्षांनी थेट प्रसारणातच मोहीम पूर्ण न झाल्याचे सांगितले.

नासाच्या मोहिमांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली ‘नासा प्लस’ ही सेवा आहे. तिला शुल्क नाही, जाहिराती नाहीत आणि नोंदणीही लागत नाही. शाळेत किंवा धर्मग्रामाच्या सभागृहात मुलांना एकत्र बसवून दाखवायचे असल्यास हिच्याइतकी सोयीची दुसरी नाही, कारण अंकगणना शेवटच्या टप्प्यात आली असताना साबणाची जाहिरात उपटण्याचे भय नसते.

यांखेरीज काही स्वतंत्र वाहिन्याही आहेत. ‘एव्हरीडे अॅस्ट्रोनॉट’वर इंजिनाचे कार्य सामान्यांना समजेल असे उलगडून सांगितले जाते. ‘नासास्पेसफ्लाइट’ या वाहिनीचे टेक्सासमधील स्टारबेस येथे अहोरात्र कॅमेरे असतात. नावावरून काय वाटेल ते वाटो, नासा संस्थेशी हिचा संबंध नाही. ती स्वतंत्र आहे आणि चांगली आहे. इंग्रजी निवेदन समजत असल्यास प्रथम या वाहिन्यांवर पूर्वपीठिका ऐकावी आणि उड्डाणाच्या वेळी मूळ संस्थेकडे वळावे, असे आम्ही सुचवू.

वेळेविषयी दोन शब्द. नासा बहुधा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील वेळ देते. तिच्यात उन्हाळ्यात साडेनऊ व हिवाळ्यात साडेदहा तास मिळविले की आपली वेळ येते. युरोपीय संस्थांनी दिलेल्या जागतिक वेळेत साडेपाच तास मिळवावेत. जेम्स वेब दुर्बीण २०२१ च्या नाताळच्या दिवशी जागतिक वेळेनुसार १२ वाजून २० मिनिटांनी फ्रेंच गयानातील कुरू येथून निघाली, तेव्हा आपल्याकडे सायंकाळचे ५ वाजून ५० मिनिटे झाली होती. महाजालावरील चित्र प्रत्यक्षापेक्षा काही सेकंद मागे असते, त्यामुळे शेजारच्या घरातील टाळ्या आधी ऐकू आल्यास नवल नाही.

उड्डाण थांबले म्हणून लगेच प्रसारण बंद करू नये. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी गगनयानाच्या चाचणीचे उड्डाण अवघे ५ सेकंद उरले असताना रोखले गेले. दोष शोधून त्याच दिवशी सकाळी १० वाजता ते पार पडले. पावणेनऊच्या सुमारास पडद्यापुढून उठलेल्यांना नंतर ध्वनिचित्रफितीवर समाधान मानावे लागले.